"मोटर चालत नाही" एवढंच लिहिलं तर उत्तर द्यायचं की नाही?

काळी माती:
परवा वायंडरभाऊंनी (शेतपंपाच्या जळालेल्या मोटारी वाइंड करतात ते) जी पोस्ट टाकली ती वाचून डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा काढतोय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, त्यांचं म्हणणं असं की "मोटर चालत नाही, लवकर उपाय सांगा" असले प्रश्न सरळ उडवून टाकावेत, एचपी, फेज, बोअरची खोली, केबल, व्होल्टेज, ॲम्पियर एवढं सगळं दिल्याशिवाय कुणी उत्तर देऊ नये, लोक आळशी झालेत आणि सल्ला फुकटात पाहिजे. खाली सगळ्यांचे अंगठे.

भाऊ, तुमच्या हाताखालून रोज मोटारी जातात, काय बघायचं ते तुम्हाला माहितीये. ज्याला माहितीच नाही त्यानं काय लिहायचं? पाणबुडी मोटरची नेमप्लेट कुठं असते? मोटरवर. आणि मोटर कुठं असते? ३०० फुटांवर! बोअर वडलांनी मारलेली, मोटर कच्च्या चिठ्ठीवर आणलेली, चिठ्ठी कधीच गेली. त्यात शेतीची लाइट आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. रात्रीच्या पाळीला माणूस बॅटरी तोंडात धरून स्टार्टरच्या पेटीसमोर उभा आहे, पायाखाली चिखल, मोबाइल संपत आलाय, त्यानं काय ॲम्पियर मोजून लिहायचे? क्लॅम्प मीटर गावात एखाद्याकडं असतो, तोही दिलेला परत येत नाही म्हणून लपवून ठेवतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, काय सांगायला पाहिजे हे ज्याला कळतं त्याला अर्धं उत्तर आधीच कळलेलं असतं. मग पहिले दोन प्रश्न उत्तर देणाऱ्यानंच विचारायला नकोत का? "आधी माहिती द्या" म्हणून अंगावर येण्यापेक्षा "घूं करते का एकदम गप्प आहे" एवढं विचारायला कितीसा वेळ लागतो.

वायंडरभाऊ:
आलं लगेच माझ्यावर. भाऊ एक किस्सा सांगतो मग बोल. आमच्याकडच्या एकानं असंच टाकलं होतं, "बोअरचं पाणी एकदम कमी झालं, इम्पेलर गेले का". इम्पेलर म्हणजे पंपातली पाणी ढकलणारी चाकं. बास, एवढंच. खाली सगळे तज्ज्ञ सुरू. एक म्हणे वाळूनं इम्पेलर खाल्ले, एक म्हणे पाइपला भोक पडलंय, एक म्हणे पाणीच खाली गेलं, अजून एक बोअर मार. त्यानं गडी लावले, चेनपुली लावली, सगळे पाइप काढून पंप वर घेतला आणि माझ्याकडं आणला. खोलला तर पंप एकदम ओके. मग चहा पिता पिता म्हणतो, "आमचा डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाला होता, बदलला, तवापासनं असं होतंय." डीपी बदलताना दोन फेज उलटे जोडले गेले, मोटर उलटी फिरायला लागली. पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी येतंच, म्हणून कुणाला शंका नाही. पेटीत दोन वायरींची अदलाबदल, पाच मिनिटांचं काम. त्यासाठी गड्यांची मजुरी, काढताना केबल सोलली ती वेगळी. मी विचारलं आधी का नाही सांगितलंस, तर म्हणे "त्याचा काय संबंध".
आता सांग, चूक उत्तर देणाऱ्यांची का?

काळी माती:
भाऊ तुम्ही माझीच बाजू मांडली की. तुमच्या त्या पोस्टमधल्या यादीत डीपी कुठं आहे? एचपी, खोली, केबल सगळं भरून दिलं असतं तरी तो डीपीचं लिहिणार नव्हता, कारण त्याच्या डोक्यात तो संबंधच नाही. एकानं जरी विचारलं असतं "हे व्हायच्या आधी काय बदललं?" तर पंप बोअरमध्येच राहिला असता.

वायंडरभाऊ:
वकील व्हायला पाहिजे होतास तू. टाकतो यादीत डीपी, खूश? पण माझा मुद्दा तिथंच आहे. त्या धाग्यात कुणी काही विचारलं नाही, सगळ्यांनी अंदाज मारले. अर्धवट प्रश्नाला उत्तर द्यायची सवय लावली की असंच होतं.

कोडवाला:
मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आमच्याकडं पण सेम. सांगलीला वडील शेती करतात, त्यांचे व्हॉइस मेसेज येतात, म्हणजे दोन्हीकडून भोगतोय 😀 खरी गोची माहिती कमी दिल्यानं होत नाही. लोक काय दिसलं ते सांगत नाहीत, स्वतः काढलेला निष्कर्ष सांगतात. "कपॅसिटर गेलाय, कुठला घेऊ" असं विचारतात. कपॅसिटर गेला हे कुणी ठरवलं? काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं आणि काय झालं, ही तीन वाक्यं लिहिली तरी पुष्कळ.

आटपाडीकर:
आले पुण्याचे साहेब. तीन वाक्यं काय अन् फॉर्म काय. उद्या म्हणाल ओटीपी टाका मग मोटर चालू होईल. राव इथं माणसाचं पीक वाळतंय.

कोडवाला:
पीक वाळतंय म्हणूनच म्हणतोय ना. चुकीचा कपॅसिटर आणायला तालुक्याला जाण्यात दिवस जातो का नाही? आणि थ्री फेजच्या मोटरला इथं लोकांनी "स्टार्ट कपॅसिटर बदला" असं उत्तर दिलेलं मी स्वतः वाचलंय. स्टार्ट कपॅसिटर सिंगल फेजला असतो. विचारणाऱ्यानं फेज सांगितलं नाही, उत्तर देणाऱ्यानं विचारलं नाही, दोघं आपापल्या मोटरबद्दल बोलतायत.

निवृत्त सबइंजिनियर:
कोडवाला यांच्याशी सहमत, त्यात थोडी भर घालतो. सर्वांत फसवं वाक्य म्हणजे "साहेब, तिन्ही फेज आहेत". कशावरून? तर टेस्टर तिन्हीवर पेटतो. एक फेज वरून गेलेला असतो, पण त्याच डीपीवर कुणाची मोटर चालू असली किंवा तुमचा स्टार्टर ओढलेला असला की वायंडिंगमधून फिरून व्होल्टेज त्या मेलेल्या फेजवर येतं आणि टेस्टर पेटतो. फेज-फेजमध्ये मीटर लावून तिन्ही जोड्या मोजा, ४१५ व्होल्टच्या आसपास पाहिजेत, तिन्ही जवळजवळ सारख्या. मीटर नसेल तर निदान "टेस्टरनं बघितलं" असं लिहा, म्हणजे समोरचा सावध होईल.

दुसरं, ट्रिप होते हे सगळे सांगतात, किती वेळानं ते कुणी सांगत नाही. दाबल्या दाबल्या ट्रिप झाली तर जाम, शॉर्ट किंवा फेज गेलेला. दहा-पंधरा मिनिटं चालून झाली तर ओव्हरलोड, कमी व्होल्टेज किंवा रिलेचं सेटिंग. पाणी तुटल्यावर मोटर उलट कमी ॲम्पियर घेते, तिथं ड्राय रनवालं यंत्र मोटर बंद करतं, ओव्हरलोड नाही. एवढं एक वाक्य दिलं तरी निम्म्या शक्यता बाद होतात.

आणि पेटीचे जे फोटो येतात त्यात बघावं तिथं ऑटो, म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारा स्विच. आधी ऑटो काढा, मग मोटर का जळते ते विचारा.

आटपाडीकर:
झालं, ऑटोवर आले. वाटच बघत होतो.

बिबट्याच्या गावचा:
साहेब ऑटो काढतो, तुम्ही येता का रात्री साडेबाराला बटण दाबायला? जुन्नरकडं उसात बिबट्या असतो, विहीर घरापासून लांब. लाइट आली का बघायला पोराला पाठवू का बायकोला?

निवृत्त सबइंजिनियर:
तुमची अडचण मला मान्य आहे. पण गणित बघा. १०० केव्हीएच्या डीपीवर ५ एचपीच्या वीसेक मोटारी. डायरेक्ट स्टार्टरवर मोटर चालू होताना पाच-सहा पट करंट खेचते. वीसच्या वीस ऑटोवर असतील तर लाइट आल्याबरोबर सगळ्या एकदम उठतात. फ्यूज जातो, मग कुणीतरी फ्यूजच्या किटकॅटमध्ये जाड तार बांधतो, मग डीपी जळतो, आणि मग सगळा शिवार अंधारात. महावितरण वारंवार सांगतं ऑटो काढा, कपॅसिटर बसवा (वरचा स्टार्टवाला नाही, लाइनमधला करंट कमी करणारा), ते उगाच नाही. ५ एचपीला २ केव्हीएआरचा कपॅसिटर, फार महाग वस्तू नाही.

बिबट्याच्या गावचा:
कपॅसिटर बसवलाय. शेजाऱ्यानं बसवला नाही त्याचं काय करू. आणि जाड तार मी बांधत नाही, ती कोण बांधतं ते सगळ्या शिवाराला माहितीये.

वरुडचा संत्रावाला:
भाऊ ऑटोत टायमर येते ना बे. लाइट आली की एकाची दोन मिनिटांनी, दुसऱ्याची चार मिनिटांनी चालू. डीपीवरच्या लोकांनी बसून ठरवलं तर झालं.

आटपाडीकर:
बसून ठरवणार म्हणे 😂 बांधाच्या कोर्टकेशी चालू आहेत त्याच डीपीवर. प्रत्येक जण टायमर शून्यावरच ठेवणार, पहिलं पाणी मला.

वरुडचा संत्रावाला:
मंग मोबाइल स्टार्टर लावा. फोन करा, मोटर चालू.

बिबट्याच्या गावचा:
रेंज?

निवृत्त सबइंजिनियर:
ऑटो लावणारा शेजाऱ्याच्या मोटरचा खून करतो हे मी नोकरीत असतानाही बोलायचो, आताही बोलतो.

बिबट्याच्या गावचा:
खून? शब्द सांभाळून वापरा साहेब. पेन्शनीत बसून बोलायला सोपं आहे. रात्रीची लाइट आम्ही मागितली नव्हती.

काळी माती:
अहो धागा प्रश्न कसे विचारायचे यावर आहे

आटपाडीकर:
धागा गेला ऑटोवर. आता लाइट आली की आपोआप चालू होणार 😂

शिवारकन्या:
मला बोलायचंय, ऑटोवर नाही. गेल्या उन्हाळ्यात मी इथं प्रश्न टाकला होता आणि तुमच्या सगळ्यांच्या हिशेबानं तो पूर्ण होता. ५ एचपी थ्री फेज, विहिरीवरची मोनोब्लॉक, फुटव्हॉल्व्ह बदललेला, स्टार्टर दाबला की मोटर उठते आणि बटण सोडलं की बंद पडते, ओव्हरलोडचं बटण उडत नाही. फोटो पण दिला होता. पहिलं उत्तर काय आलं? "ताई घरातल्या माणसाला विचारा." दुसरं, "भाऊंना फोन द्या." शेती मी बघते, मोटर मी चालू करते, फोन कुणाला देऊ? आणि गंमत म्हणजे वायंडरभाऊ, जे आज पूर्ण प्रश्न पाहिजे म्हणतायत, त्यांनी त्याच्यावर अंगठा दिला होता आणि पुढं गेले.
माहिती दिली की उत्तर मिळतं असं नाही. कोण विचारतंय ते बघून उत्तर मिळतं. तेही लिहा तुमच्या यादीत.

वायंडरभाऊ:
ताई तो अंगठा तुमच्या प्रश्नाला होता, त्या उत्तराला नाही. धाग्यात शोधून बघा. पण उत्तर दिलं नाही हे खरं, सीझनला दुकानात मोटारींची रांग असते. बटण सोडल्यावर बंद म्हणजे होल्डिंगचा कॉन्टॅक्ट (बटण सोडल्यावरही स्टार्टर चालू ठेवणारा) धरत नाही, स्टार्टरच्या आतलं काम, मोटरचा संबंध नाही.

शिवारकन्या:
तेच निघालं. तालुक्याच्या इलेक्ट्रिशियननं कॉन्टॅक्ट बदलला. त्यानं आल्यावर पहिला प्रश्न विचारला, "दाबून धरल्यावर चालते का?" एवढाच. तुमची यादी त्याच्याकडं नव्हती.
आणि एक राहिलंच. "पेटी उघडून अमुक वायर हलवून बघा" असले सल्ले रात्री ओल्या शेतात उभ्या असलेल्या माणसाला देताना आधी मेन काढायला सांगत जा. मला दोघांनी तसं सांगितलं होतं, मेन काढा एकानंही म्हटलं नाही.

निवृत्त सबइंजिनियर:
हे मात्र सर्वांत महत्त्वाचं. आणि नुसतं मेन काढून भागत नाही, बाजूला कपॅसिटर असेल तर तो मेन काढल्यावरही थोडा वेळ चार्ज असतो, लगेच हात घालू नका.

कोडवाला:
सौर पंपवाल्यांचं अजून राहिलंय. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतून पंप बसल्यापासून वडलांचे मित्र कंट्रोलरचे फोटो पाठवतात. कंट्रोलरवर फॉल्टचा कोड येतो, सगळं उत्तर त्या कोडातच असतं, आणि फोटोत नेमकी तिथंच उन्हाची चकाकी. टोपीनं सावली करून फोटो काढा बाबांनो.

काळी माती:
बरं मी एक मान्य करतो, नाइलाजानं. "लवकर सांगा" लिहिणाऱ्याला निदान फेज आणि आवाज एवढं तरी लिहिता येतं. सिंगल का थ्री, घूं करते का गप्प, किती वेळानं ट्रिप, आणि आधी काय बदललं. याला मीटर लागत नाही, नेमप्लेट लागत नाही, बोलून पाठवलं तरी चालेल. यापुढचं मात्र उत्तर देणाऱ्यानं विचारायचं. आणि प्रश्न उडवायचा नाही.

वायंडरभाऊ:
बोलून पाठवलेलं चालणार नाही. चार मिनिटांचे व्हॉइस मेसेज असतात, त्यात तीन मिनिटं पावसावर. दुकानात मशीन चालू असताना मी ऐकू कसा?

आटपाडीकर:
मग आमच्या आबांनी काय करायचं, टायपिंगचा क्लास लावायचा? त्यांना वाचता येतं, टाइप नाही करता येत. भाऊ तुम्ही कान द्या की जरा.

वायंडरभाऊ:
एक मिनिटाच्या आत असेल तर ऐकेन. पाऊसपाणी नंतर.

शिवारकन्या:
नेमप्लेटचं मी सांगते. आमच्या बोअरला नवीन मोटर सोडली तेव्हा पेटीच्या दाराला आतून ऑइलपेंटनं लिहून घेतलं, एचपी, स्टेज, किती फुटांवर सोडली, केबल किती एमएम, तारीख. आता कुणी विचारलं तर दार उघडून फोटो काढते. हे मोटर सोडणाऱ्यानंच लिहून द्यावं, तुमच्याकडून सुरू करा भाऊ. आम्हाला पुढं दोष द्यायला जागाच राहणार नाही.

वायंडरभाऊ:
हे बरं आहे. लिहून देतो, पण मजुरीत धरणार.

बिबट्याच्या गावचा:
धरा. आणि "ऑटो आहे" हे पण लिहा दारावर, म्हणजे साहेबांना फोटो बघायची गरज नाही.

निवृत्त सबइंजिनियर:
टायमर किती मिनिटांवर आहे तेही लिहा.