जाड जाळं म्हणजे टिकाऊ लँडिंग नेट? अजिबात नाही

काठावरची
कालची एक पोस्ट डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढते. पोस्टचा मथितार्थ असा: लँडिंग नेट, म्हणजे गळाला लागलेला मासा पाण्यातून उचलायचं दांड्याचं जाळं, घ्यायचं तर गाठींचं जाड नायलॉन घ्या, रबरी जाळ्या ही निव्वळ फॅशन, दोरा जाड असला की जन्मभर बघायला नको. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या.

अहो, जाळं फाटून नेट बाद झालेलं कितीदा बघितलंत? नेट जातं ते जोडात. कडं आणि दांडा जिथे भेटतात तिथे बहुतेक नेटांना प्लास्टिकचा एक ठोकळा असतो, आणि मासा तडफडला की सगळा पीळ त्यावर येतो. माझ्या जुन्या नेटचं कडं अॅल्युमिनियमचं, रिव्हेट लोखंडी. दोन वेगळे धातू आणि सतत ओल, म्हणजे अॅल्युमिनियम झिजणारच. रिव्हेटभोवती आधी पांढरी भुकटी दिसली, मग भोक लांबट झालं, मग कडं हलवलं की खटखट. जाळी तोवर जशीच्या तशी!

दुसरं, दांड्याच्या टोकाला धरून मासा आडवा उचलणं. पाच किलोचा मासा पुढच्या हातापासून दीड मीटरवर असेल तर हातापाशी दांड्यावर सत्तरच्या वर न्यूटन-मीटरचा वाकवणारा जोर येतो. सरकत्या दांड्याचं कुलूप यातच जातं. मासा झोळीत आला की नेट स्वतःकडे ओढा आणि कडं धरून उचला.

म्हणून विकत घेताना दोरा चिमटीत धरून बघू नका. एका हातात कडं, दुसऱ्या हातात दांडा धरून पिळा. जोड हलला तर ठेवून द्या. आणि झोळी बदलता येते का, ते आधी विचारा.

जुनागळ
ती पोस्ट माझी आहे, ताई. नाव घेऊन बोला की.

जोडाबद्दल मी काही लिहिलंच नव्हतं, मग खोडून काय काढलंत? माझं गाठींचं नेट दगडांवर घासलंय, काटेरी झुडपांत अडकलंय, अजून शाबूत आहे. रबरी घेतलं होतं, ते उन्हात कडक होऊन घडीवर तडकलं. वर जड इतकं, की वाहत्या पाण्यात आडवं धरलं की प्रवाहच दांडा हातातून ओढतो. टिकाऊ कशाला म्हणायचं मग?

पाणकावळा
जुनागळ, तुमचं नेट टिकलं, पण मासा टिकला का? गाठी अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतात, परांच्या कडा फाटतात, खवले निघतात. तो थर गेला की बुरशीला वाट मोकळी. २००३ साली ब्लूगिल या गोड्या पाण्यातल्या लहान अमेरिकन माशांवर यावर अभ्यास झाला. नेटमध्ये घेतलेल्या गटांत ४ ते १४ टक्के मासे पुढच्या काही दिवसांत मेले, नेट न लावलेल्यांतला एकही नाही. रबरी आणि बिनगाठीच्या जाळीत इजा कमी होती. सोडायचा मासा गाठींच्या जाळीत घेणं मला पटत नाही.

जुनागळ
ब्लूगिल तळहाताएवढा. त्यावरून दहा किलोच्या कार्पचा निवाडा करू नका. आणि मी धरलेला मासा सोडत नाही. त्याच्या थराची काळजी मी का करू?

पाणकावळा
लहान निघाला म्हणून एकही सोडत नाही? नाही सोडत, तर ते आणखी वाईट.

निळाफ्लोट
तुम्ही दोघं माशावर भांडताय, गळाचं कुणी बोलतच नाही. बारीक बिनगाठी जाळी आणि तीनतोंडी गळ एकत्र वापरून बघा. एक तोंड माशाच्या जबड्यात, दुसरं जाळीत, आणि मासा गोल फिरतोय. झोळी कात्रीने कापून मासा सोडवावा लागला होता. शिंगाळ्याच्या काट्यांचंही तेच, उलटे दाते जाळीत रुततात. मोठ्या भोकांच्या रबरी जाळीत गळ असा रुतत नाही. माझ्यासाठी तोच टिकाऊपणा, कारण ती जाळी मला कापावी लागत नाही.

गवताळ
रबरी असो की नायलॉन, ओलं नेट गुंडाळून पिशवीत कोंबू नका. जाळी कुजते.

काठावरची
नायलॉन कुजत नाही हो. कुजायचं ते सुती जाळं. नायलॉनला मारतं ते ऊन. सावलीत वाळवा.

गवताळ
कुजत नसेल, वास तर मारतं ना. आणि मी ब्लीच वापरतो. एका तळ्यातलं नेट दुसऱ्या तळ्यात नेताना निर्जंतुक केलंच पाहिजे. न्यूझीलंडमध्ये २००४ मध्ये डिडिमो शेवाळ सापडलं, पुढे २००८ मध्ये गळवाल्यांचे नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाच्या) तळांचे बूट बंद करावे लागले, कारण ओल धरणाऱ्या वस्तूंतून ते पसरतं.

जुनागळ
ब्लीच! आणि टिकाऊपणावर गप्पा? क्लोरीन नायलॉनचा दोरा ठिसूळ करतं. वर्षभर ब्लीच लावा, मग माझी जाड जाळीसुद्धा बोटाने तुटेल.

गवताळ
तुमच्या दोऱ्यासाठी मी तळ्यात रोगराई सोडू? काठावर फुगून आलेले मासे एकदा वेचा, मग बोला. मी वेचलेत. दोन दिवस कुणी पाण्याकडे बघू शकत नव्हतं.

जुनागळ
ते मासे नेटमुळेच मेले हे कशावरून? पाण्यातला ऑक्सिजन संपला तरी मासे असेच वर येतात. दर वेळी दोष गळवाल्याच्या माथी!

गवताळ
सिद्ध करू शकत नाही. म्हणून नेट न धुता नेऊ? नाही नेणार.

पाणकावळा
आवाज खाली करा दोघं. घरी वेळ असेल तर धुऊन पूर्ण कोरडं करा, घड्यांच्या आतसुद्धा. त्याच दिवशी दुसऱ्या पाण्यावर जायचं असेल तर दुसरं नेट न्या. बिनगाठीची जाळी लवकर वाळते, गाठींत पाणी साठून राहतं. जुनागळ, हेही गाठींच्या विरोधातच जातं.

जुनागळ
लवकर वाळते, कबूल. तेवढंच. दगडांवर घासली की बिनगाठी जाळी धागे सोडते, हे तुम्हीही कबूल करा. कड्यावरून जिथे दोरा वळतो तिथे तर आधी.

काठावरची
करते कबूल. म्हणूनच कड्याला खाच हवी, म्हणजे दोरा आत बसतो आणि दगड आधी धातूला लागतो. आणि म्हणूनच झोळी सुटी हवी. माझं पहिल्यापासून हेच म्हणणं आहे.

जुनागळ
सुट्या झोळीचं मान्य. माझ्या नेटचा जोड आज पिळून बघितला. हलत नाही. पण रिव्हेटभोवती पांढरं दिसतंय खरं.

काठावरची
मग रिव्हेट काढून स्टेनलेसचा बोल्ट आणि मध्ये प्लास्टिकचा वॉशर घाला. बोल्टच्या दांड्यालाही प्लास्टिकची नळी हवी, नाहीतर भोकात धातू धातूला लागतोच.

निळाफ्लोट
आणि तीनतोंडी गळाचं काय ठरलं?