गोंधळ, हुल्लड की धुमाळी?

रॉबर्ट डायटन या इंग्रज चित्रकाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरच्या निवडणुकीचं जलरंगचित्र काढलं. जागा कव्हेंट गार्डनचा चौक. मागे सेंट पॉल चर्च, त्याच्यापुढे उमेदवारांसाठी उभारलेला लाकडी मांडव आणि चौकभर माणसंच माणसं. चित्राखाली मराठी ओळ लिहायची तर या गर्दीच्या प्रकाराला काय म्हणावं? त्यासाठी ‘गदारोळ’ आणि ‘गोंधळ’ हे दोन शब्द सुचवले गेले आहेत. मला दोन्ही पटत नाहीत.

गदारोळ हा कानाचा शब्द आहे. तो सभागृहात होतो आणि कामकाज तहकूब झालं की थांबतो. गोंधळ मुळात देवीपुढचा. संबळ वाजते, दिवटी पेटते आणि रात्र जागते. रोजच्या बोलण्यात मात्र ‘माझा तारखांचा गोंधळ झाला’ असं आपण म्हणतो, म्हणजे काही सुचेनासं झालं. चौकातल्या माणसांचं तसं मुळीच नाही. कोणाचा जयजयकार करायचा आणि कोणाची हुर्यो उडवायची, हे त्यांचं पक्कं ठरलेलं असे.

कारण तेव्हा मतदान गुप्त नव्हतं. मतदार मांडवात जाऊन आपल्या उमेदवाराचं नाव मोठ्याने सांगायचा, कारकून ते वहीत उतरवून घ्यायचा, आणि खालून लगेच आरोळी उठायची. ज्यांना मतच नव्हतं तेही, बायका आणि कारागिरांच्या हाताखाली काम शिकणारी पोरं धरून, त्या आरोळीत असत. १७८४ साली याच चौकात हे ४० दिवस चाललं. जागा दोन होत्या, उमेदवार तीन: हूड यांना ६,६९४ मतं, फॉक्स यांना ६,२३४, आणि ५,९९८ मतांवर थांबलेले सेसिल रे पडले. रोजची बेरीज बाहेर कळे, त्यामुळे चौक दिवसेंदिवस तापत जाई.

म्हणून ‘हुल्लड’ अर्थाने जवळचा, कारण हुल्लड कोणीतरी माजवावी लागते. पण तो बंदोबस्ताला आलेल्या शिपायाचा शब्द आहे, त्यात आधीच दटावणी आहे. माझं मत ‘धुमाळी’ला. वर्तमानपत्रांनी ‘रणधुमाळी’ वापरून वापरून गुळगुळीत केली, तरी नुसती धुमाळी अजून ताजी आहे. तबल्यावर धुमाळी हा आठ मात्रांचा ठेकाही आहे, हे मला फार आवडतं: दणका आहे आणि लयही आहे.

आता मांडवाबद्दल. इंग्रजीत त्याला हस्टिंग्ज म्हणत. मूळ जुन्या नॉर्समधलं, ‘घर’ आणि ‘सभा’ मिळून झालेलं. १८७२ च्या कायद्याने गुप्त मतदान आलं आणि ही रचना गेली. त्याला ‘व्यासपीठ’ म्हणू नये, तिथे प्रवचन चालतं असं वाटतं. मांडव काम असेपर्यंत उभा राहतो आणि मग उतरतो, हेही तसंच होतं.

तेव्हा ओळ अशी सुचवतो: ‘कव्हेंट गार्डनमधला मतदानाचा मांडव आणि पुढची धुमाळी’.