आबांची जुनी चक्री ठेवू की धुळ्याची सेकंडहँड टेबल सॉ घेऊ?

चोपडेकर_सुतार

नमस्कार मंडळी. आमचं चोपड्याला घराला लागूनच वर्कशॉप आहे. दाराच्या चौकटी, झोपाळे, देव्हारे, लग्नसराईत कपाटं आणि दिवाण. मशीन एकच, आबांनी १९९४ साली घेतलेलं रंधा मशीन. एका बाजूला रंध्याचा ड्रम, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला बारा इंची चक्री (गोल करवत), खाली दोन एचपीची मोटर आणि पट्टा. चक्रीवर झाकण नाही, मागं काही नाही. फळी सरळ सरकवायचं गाइड म्हणजे सागाची सरळ फळी आणि दोन सी-क्लॅम्प. आजवर याच मशीनवर आमचं घर चाललं, दोन बहिणींची लग्नं झाली. आबांच्या डाव्या हाताच्या तर्जनीचं पेरही त्याच मशीननं नेलं, पण आबा ते कधी बोलून दाखवत नाहीत.

धुळ्याचा एक इंटिरियर कॉन्ट्रॅक्टर त्याची दहा इंची पोर्टेबल टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) विकतोय. सिंगल फेज, २००० वॅट, ब्लेडमागं रिव्हिंग नाइफ म्हणजे उभी पाती, वर पारदर्शक झाकण. तीन वर्षं वापरलेली, ३४ हजार सांगतोय. नवी घ्यायची सध्या ताकद नाही.

आता हे डोक्यात का आलं ते सांगतो. पाडव्याच्या आठवड्यात एका देव्हाऱ्यासाठी पट्ट्या काढत होतो. सहा फुटी सागाची फळी, इंचभर जाड. साडेचार फूट चीर गेली असेल, तोच चीर मागून मिटायला लागली. मला आवाजावरून कळलं, मोटर एकदम जड झाली. हात उचलायच्या आत फळी टेबलावरून उठली, माझ्या बरगडीला घासून गेली आणि मागच्या शटरवर आदळली. शटरला नारळाएवढा पोचा पडलाय. बनियन फाटलं, खाली टीचभर सोलवटलं, बाकी काही नाही. फळी उचलून पाहिली तर तिच्या अंगावर चंद्रकोरीसारख्या वाकड्या खोल रेघा, एकापाठोपाठ एक. ती फळी मी अजून फेकलेली नाही.

मी नेहमी ब्लेडच्या रेषेच्या डाव्या अंगाला उभा राहतो, म्हणून वाचलो. पण जूनपासून माझा भाचा कामाला येतोय, एकोणीस वर्षांचा, आयटीआय झालेला. हुशार आहे, हात चांगला आहे. पण तो ब्लेडच्या बरोब्बर समोर उभा राहतो. दहादा सांगितलं, दोन दिवस लक्षात ठेवतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. बहिणीला मी काय तोंड दाखवू?

आबांचं म्हणणं, ते प्लास्टिकचं खेळणं अडीच इंची सागाची चौकट फाडणार नाही, पैसे पाण्यात जातील. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ती मशीन साग फाडेल का? ३४ हजार जास्त होतात का? आणि खरंच त्या मागच्या पातीनं एवढा फरक पडतो का?

भुसावळ_फिटर

दादा, आधी तुमच्या फळीवरच्या चंद्रकोरींबद्दल. त्या ब्लेडच्या मागच्या दातांच्या खुणा. पुढचे दात लाकूड खाली टेबलावर दाबतात. मागचे दात मात्र खालून वर येत असतात. चीर मिटली किंवा फळी गाइड आणि ब्लेडच्या मधे तिरकी अडकली, की मागचे दात तिला पकडतात, उचलतात आणि तुमच्याकडं फेकतात. दहा इंची ब्लेड मिनिटाला ४००० फेरे फिरत असेल तर त्याच्या काठाचा वेग सेकंदाला ५३ मीटर होतो, म्हणजे ताशी १९० किलोमीटर. त्या वेगापुढं माणसाचा हात काही करू शकत नाही.

जुने लोक दोघांच्या करवतीनं ओंडका चिरायचे तेव्हा चिरेत पाचर मारत पुढं जायचे, आठवतं का? करवत अडकू नये म्हणून. रिव्हिंग नाइफ म्हणजे तीच पाचर, फक्त कायमची बसवलेली. ब्लेडच्या मागं काही मिलिमीटरवर. चीर मिटत नाही आणि लाकूड मागच्या दातांपर्यंत पोचत नाही. तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो, फार फरक पडतो.

आणखी एक. तुमच्या रंधा मशीनमधे शाफ्ट जागचा हलत नसेल, टेबलच वर-खाली होत असेल. तसं असेल तर पाती जुन्या मशीनलाही बसते, कारण ब्लेड आणि पातीतलं अंतर बदलतच नाही. चांगल्या लेथवाल्याकडून पोलादी पाती करून सांगाड्याला दोन बोल्टनी घट्ट आवळायची. जाडी मात्र मोजून घ्या. ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दातांच्या रुंदीपेक्षा बारीक. दात ३.२ आणि पत्रा २.२ असेल तर पाती अडीच मिलिमीटरची. हे दीड-दोन हजारांत होईल. धुळ्याला जायच्या आधी याचाही विचार करा.

शिरपूर_फर्निचर

माझ्याकडं अशीच पोर्टेबल सॉ चार वर्षं आहे. आबांची शंका रास्त आहे, पण पूर्ण बरोबर नाही. दहा इंची ब्लेड सरळ उभं असताना ७५ ते ८० मिलिमीटर खोल जातं. अडीच इंच म्हणजे साडेत्रेसष्ट. बसतं. मात्र २४ दातांचं फाडायचं ब्लेड लावा आणि सावकाश ढकला. प्लायचं ६० दातांचं ब्लेड लावून साग फाडायला गेलात तर लाकूड काळं पडेल, मोटर रडेल. दिवसाला चाळीस चौकटी काढायच्या असतील तर ही मशीन तुमची नाही. दोन-चार काढायच्या असतील तर खुशाल घ्या.

बघायला जाताना स्वतःचं लाकूड न्या. प्लग काढून ब्लेड हातानं डावी-उजवीकडं हलवून बघा, शाफ्टला खेळ असेल तर तिथूनच परत फिरा. मग ब्लेडच्या एकाच दातावर खूण करा. तो दात पुढं असताना टेबलाच्या खाचेपासून अंतर मोजा, मग तोच दात मागं फिरवून पुन्हा मोजा. दोन्ही अंतरं सारखी हवीत. अर्धा मिलिमीटर फरक असेल तर सेटिंग होतं का ते त्याच्या समोरच करून बघा. गाइड लॉक केल्यावर मागचं टोक हलतं का तेही बघा. पुष्कळ मशीनची खोड तिथंच असते. मोटरीतले कार्बन ब्रश किती झिजलेत ते काढून दाखवायला सांगा.

नाइफ जागेवर आहे का हे मात्र सगळ्यात आधी विचारा. खाच मारायला, म्हणजे आरपार न जाणारा काप घ्यायला, लोक तिला काढतात आणि मग ती कुठं पडते पत्ता लागत नाही. नाइफ नसलेली सॉ घेतली तर ३४ हजार देऊन आबांचीच चक्री घेतल्यासारखं होईल.

पाचोऱ्याचा_पुण्यात

कुणी विचारायच्या आधी सांगतो, कारण व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेत. हॉटडॉग लावला की ब्लेड जागच्या जागी थांबतं, ती सॉस्टॉप कंपनीची टेबल सॉ. स्टीव्ह गॅस नावाच्या अमेरिकन माणसानं १९९९ मधे ही कल्पना काढली, २००४ पासून मशीन विकायला आल्या. ब्लेडवर बारीक विद्युत सिग्नल सोडलेला असतो. माणसाची कातडी लागली की तो बदलतो आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसून ५ मिलिसेकंदांत ब्लेड थांबवतो. बोट वाचतं, पण ब्लेड आणि तो ब्रेक दोन्ही बदलावे लागतात. ओलं लाकूड लागलं तरी तो सुटू शकतो, तेव्हा ओला निंब फाडणाऱ्यानं जपून. परदेशातून कुणी जुनी आणून देतो म्हणाला तर १२० व्होल्ट ६० हर्ट्झची आहे का ते आधी बघा.

आणि तो ब्रेक कातडीला ओळखतो, फळीला नाही. चोपडेकरांना लागली ती फळी सॉस्टॉपनंही थांबवली नसती. ते काम नाइफचंच.

पारोळा_कापूसवाला

दादा, सगळे ब्लेडवर बोलताहेत, मी स्विचवर बोलतो. माझी उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. मशीन चालू असताना गेली नाहीत, बंद असताना गेली. लाइट गेली होती. ब्लेडखाली भुसा अडकला होता म्हणून हात घातला. मेन स्विच चालूच होता, साधा खटका. लाइट आली.

तुमच्या रंधा मशीनला काय स्विच आहे? साधा खटका असेल तर आजच काढा आणि विहिरीच्या मोटरीला लावतो तसा डीओएल स्टार्टर बसवा, तुमच्या मोटरीच्या मापाचा. लाइट गेली की तो पडतो, हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन उठत नाही. त्याला लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारा ऑटो स्विच मात्र चुकूनही लावू नका. रात्रीच्या लाइटीसाठी शेतात आपण सगळेच लावतो, पण करवतीला तो नको. धुळ्याच्या मशीनवरही हे करून बघा: मशीन चालू करा, भिंतीवरचं बटण बंद करा, पुन्हा चालू करा. ती आपोआप फिरली तर त्याचाही स्विच बदलावा लागेल.

आणि भाच्याच्या गळ्यातला ओला गमछा काढायला लावा. मे महिन्यात आपल्याकडं ४५ डिग्री असते, सगळेच गुंडाळतात. मशीनजवळ नको. हातमोजेही नकोत, ब्लेड त्यांच्यासकट हात ओढून नेतं.

भाऊ, हात शे तं सगळं शे.

चोपडेकर_सुतार

पारोळ्याचे भाऊ, तुमचं वाचून मी तसाच उठून वर्कशॉपमधे गेलो. आमचा साधा खटकाच निघाला. इतकी वर्षं लाइट गेली की आम्ही चहाला जायचो आणि लाइट आली की मशीनचा आवाज ऐकून परत यायचो. ती आपोआप सुरू व्हायची आणि आम्हाला ते सोयीचं वाटायचं. त्याच संध्याकाळी वायरमनला बोलावून स्टार्टर बसवला.

भुसावळचे काका, शाफ्ट जागचाच आहे, टेबल वर-खाली होतं, तुम्ही म्हणालात तसंच. पण पाती बसवायला लेथवाला आला तेव्हा कळलं की शाफ्टच्या बेरिंगलाच खेळ आलाय. ब्लेड दोन्हीकडं डुलतं. त्यामागं पाती लावली तर दात पातीला लागतील. बेरिंग, शाफ्टचं काम आणि पाती मिळून त्यानं नऊ हजार सांगितले. झाकण तरीही नाहीच.

काल आबांना घेऊन धुळ्याला गेलो. घरची अडीच इंची सागाची फळी बरोबर नेली, पाठीला थोडा बाक असलेली मुद्दाम निवडून. शिरपूरच्या भाऊंनी सांगितलेलं सगळं क्रमानं केलं. शाफ्टला खेळ नाही. एका दातावर खडूनं खूण करून मोजलं, पुढं-मागं केसभर फरक. गाइड मागून थोडं हलत होतं, ते स्क्रू आवळून बसलं. बटण बंद-चालू करून बघितलं, मशीन गप्प राहिली.

नाइफ जागेवर नव्हती. मी विचारलं तर त्यानं टूलबॉक्सच्या तळातून काढून दिली, कंपनीचं तेल अजून तिच्यावर होतं. तीन वर्षांत एकदाही लावली नव्हती. खाच मारताना आडवी येते म्हणाला. त्याचा कारागीर शेजारीच उभा होता, त्याच्या अंगठ्याला पट्टी होती. मी काही विचारलं नाही.

नाइफवर २.३ कोरलेलं होतं. माझ्याजवळच्या कॅलिपरनं ब्लेडचे दात मोजले तर २.२. म्हणजे त्या ब्लेडबरोबर ती नाइफ चाललीच नसती, लाकूड अडलं असतं. बाजारातून २.८ दातांचं, १.८ पत्र्याचं ब्लेड आणलं. दुकानदार आधी २५.४ मिलिमीटर भोकाचं देत होता, या मशीनला तीस लागतं. ते लावलं, नाइफ बसवली आणि आबांना म्हटलं, तुम्हीच फाडा.

आबांनी फळी ठेवली, सावकाश ढकलली. मधे एका जागी चीर मिटायला लागली, मला दिसली. लाकूड नाइफवर घट्ट बसलं, मोटर थोडी दबली, आणि फळी जागची उठली नाही. आबांनी मशीन बंद केली, चिरेत बोट फिरवून नाइफ कुठं चिमटलीय ते चाचपलं आणि मला म्हणाले, पाचर आहे रे ही. भुसावळच्या काकांचा एक शब्द मी त्यांना सांगितला नव्हता.

ब्लेडचे पैसे दाखवून २९ हजारांवर सौदा झाला. मशीन घरी आलीय.

जुनं मशीन विकत नाही. रंधा अजून चांगला मारतं, बेरिंग तेवढी बदलतो. पण त्याच्या टोकाची चक्री आज सकाळी काढली. नट उलट्या आट्याचा, माझ्याकडून फिरेना. आबांनी पाना हातात घेतला आणि एका झटक्यात सोडवला. शाफ्टच्या रिकाम्या टोकावर झाकण म्हणून पत्र्याचा डबा वेल्ड करून घेतोय.

भाचा सोमवारपासून नव्या मशीनवर. जमिनीवर पिवळ्या ऑइलपेंटनं दोन पावलं काढलीत, ब्लेडच्या रेषेच्या डावीकडं, त्याच्या चपलेच्या मापाची.

शिरपूरचे भाऊ, एकच राहिलं. देव्हाऱ्याच्या चौकटीला खाच मारताना झाकण काढावंच लागणार. नाइफ न काढता, फक्त खाली उतरवून खाच मारता येते का तुमच्या मशीनवर?

शिरपूर_फर्निचर

येते. नाइफचा खटका सैल करून तिला खालच्या घरात बसवा, माथा ब्लेडच्या माथ्याखाली राहतो. झाकण फक्त तेवढ्या कामापुरतं काढायचं. खाच झाली की लगेच परत लावा, दुसरी फळी हातात घ्यायच्या आधी. आणि झाकण ठेवायला मशीनच्या पायालाच एक खिळा मारून ठेवा, म्हणजे ते टूलबॉक्सच्या तळाशी जाणार नाही.