मदत हवी आहे: अँडी हुगच्या शैलीत कराटे किती आणि किकबॉक्सिंग किती? (डावखुऱ्या विद्यार्थिनीसाठी)

नमस्कार मंडळी,

वडोदऱ्यात मांजलपूरला मी संध्याकाळी मुलामुलींना किकबॉक्सिंग शिकवते. मी मूळची क्योकुशिनची, म्हणजे पूर्ण जोराने लढायच्या कराटेची. एका विद्यार्थिनीसाठी अँडी हुग या कराटेतून आलेल्या स्विस किकबॉक्सरच्या जुन्या लढती पुन्हा पाहायला घेतल्या आहेत आणि एका जागी अडले आहे. इथे के-वन (जपानमधल्या किकबॉक्सिंग स्पर्धा) पाहत मोठी झालेली बरीच मंडळी आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मुलीविषयी. वय १७, डावखुरी. लहानपणी दांडिया बाजारातल्या आखाड्यात मल्लखांब केला, मग शाळेपासून तायक्वांदो, थेट ब्लॅक बेल्टपर्यंत. कमरेचे आणि मांडीचे सांधे इतके मोकळे आहेत की पाय सरळ डोक्याच्या वर जातो आणि टाच वरून खाली येते, तरी वरचं अंग हलत नाही. ॲक्स किक ही तिची हुकमी लाथ. मॅटवर, लाइट कॉन्टॅक्टमध्ये, तिने या लाथेवर भरपूर गुण घेतले. आता तिला रिंगमध्ये उतरायचं आहे. स्पॅरिंगला पूर्ण जोराची मुभा दिली की मात्र एकच गोष्ट घडते: हिचा पाय वर गेला की समोरची एक पाऊल आत येते आणि उजवा सरळ ठोसा तोंडावर बसतो. एका पायावर उभी असल्याने हिला मागेही सरकता येत नाही.

घरच्यांचं आणि माझ्या ओळखीच्या एका प्रशिक्षकाचं म्हणणं, ती लाथ आता सोडून द्या, साधं बॉक्सिंग आणि राउंडहाउस (बाजूने फिरवून मारायची लाथ) शिकवा. मला हे पटत नाही. इतक्या वर्षांत अंगात मुरलेली गोष्ट काढून टाकली तर तिच्याकडे दुसऱ्यांपेक्षा वेगळं उरतं काय?

आता हुगच का, ते सांगते. तायक्वांदोत काय आणि क्योकुशिनमध्ये काय, हाताने तोंडावर मारायला बंदी आहे. लाथ डोक्यावर चालते, मूठ चालत नाही. दोन्हीकडच्या खेळाडूंचा पवित्रा, अंतर आणि धाडस याच एका नियमावर वाढलेलं असतं. हुग तिथूनच आला. १९८७ च्या क्योकुशिन विश्वस्पर्धेत तो अंतिम फेरीपर्यंत पोहोचला आणि शोकेई मात्सुईकडून हरला. १९९१ ला फ्रान्सिस्को फिल्योची लाथ थांबण्याच्या इशाऱ्याच्या क्षणी लागून तो पडला. मग तो काझुयोशी इशींच्या सेइदोकाइकान या कराटे संघटनेत गेला आणि १९९३ च्या अखेरीस ग्लोव्ह घालून के-वनमध्ये उतरला. उंची १८० सेंटिमीटरच्या आसपास. समोर पीटर आर्ट्स, एर्नेस्टो हूस्ट, माईक बर्नार्डो, सगळे त्याच्यापेक्षा उंच, आणि तोंडावर ठोसे मारण्यात तयार झालेले. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीची जी अडचण आहे तीच त्याची होती, फक्त कितीतरी मोठी. १९९४ च्या ग्रां प्रीमध्ये, म्हणजे के-वनच्या मुख्य स्पर्धेत, पॅट्रिक स्मिथने त्याला १९ सेकंदांत खाली बसवलं. ती लढत बघवत नाही. आणि दोनच वर्षांनी, ६ मे १९९६ ला योकोहामात, हाच माणूस ग्रां प्री जिंकतो. उपांत्य फेरीत हूस्टशी जादा फेऱ्यांपर्यंत झुंज, आणि अंतिम लढतीत बर्नार्डोच्या मांडीवर गिरकी घेऊन मारलेली टाच. त्याआधी १९९५ मध्ये याच बर्नार्डोने त्याला हरवलं होतं.

या दोन वर्षांत त्याच्या खेळात नेमकं काय बदललं, हे मला शोधायचं आहे.

मला दिसलं ते असं. ॲक्स किक त्याने सोडली नाही, पण तिचं काम बदललं असावं. कराटेत ती लाथ जवळून येते, कारण तिथे दोघं छातीला छाती लावून पोटात आणि बरगड्यांवर ठोसे मारत असतात. खांद्याखालून वर निघालेला पाय दिसतच नाही. ग्लोव्ह घातल्यावर तितक्या जवळ उभं राहिलं तर हूक (बाजूने वळून येणारे ठोसे) खायचे. मग के-वनमध्ये तो ती लाथ लांबून मारतो तेव्हा खरंच लागावी म्हणून मारतो, की समोरच्याचे हात वर जावेत म्हणून? कधी कधी त्या लाथेनंतर लगेच डावा सरळ ठोसा येताना दिसतो, आणि तो मला लाथेपेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

दुसरी गोष्ट लो किकची, म्हणजे मांडीवरच्या लाथेची. ती क्योकुशिनची स्वतःची पुंजी, गेदान मावाशी. हुगकडे ती आधीपासून होती. माझ्या विद्यार्थिनीकडे नाही, कारण तायक्वांदोत कमरेखाली लाथच नाही. तेव्हा तिच्यासाठी हुग हा पूर्ण नमुना होऊ शकत नाही, हे मला कळतं.

आणि तिसरी ती गिरकी, जिला लोक हुग टॉर्नेडो म्हणतात. ती मला अजून नीट उलगडलेली नाही. गिरकीची टाच डोक्यावर मारणारे पुष्कळ आहेत. याने ती मांडीवर का आणली?

तर प्रश्न हे:

साउथपॉ असण्याचा (डावखुरा पवित्रा, हुगचाही तोच) आणि त्या खालच्या गिरकीचा काही संबंध आहे का? ॲक्स किक रिंगमध्ये टिकवायची तर आधी काय यायला हवं? आणि या मुलीला आधी किकबॉक्सिंगच्या कोणत्या प्रकारात उतरवावं: फुल कॉन्टॅक्टमध्ये, लो किकमध्ये, की के-वन नियमांत? नवरात्रीत आमच्याकडे सराव जवळजवळ बंदच पडतो, नऊ रात्री गरबा खेळून पोटऱ्या भरलेल्या असतात, त्यामुळे त्याआधी दिशा पक्की करायची आहे.

ज्यांनी साउथपॉ मुलांना शिकवलं आहे त्यांनी कृपया लिहावं.

डावा_पवित्रा:

ताई, मी स्वतः साउथपॉ, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. संबंध आहे, आणि थेट आहे.

साउथपॉचा उजवा पाय पुढे, समोरच्या ऑर्थोडॉक्सचा (नेहमीच्या उजव्या पवित्र्यातल्याचा) डावा पुढे. दोघांचे पुढचे पाय समोरासमोर. आता मागच्या डाव्या पायाने साधी लो किक मारलीत तर ती त्याच्या पुढच्या मांडीच्या आतल्या बाजूला लागते. दुखते, पण त्याचा पाय खचवायचा तर मांडीची बाहेरची बाजू हवी. तिथे आपला पुढचा उजवा पाय पोहोचतो, पण पुढच्या पायात तेवढा जोर नसतो. मागच्या डाव्या पायाचा सगळा जोर बाहेरच्या बाजूला न्यायचा तर एकच वाट उरते: पाठीमागून गिरकी. डाव्या खांद्यावरून वळलात की डावी टाच उजवीकडून डावीकडे जाते आणि त्याच्या पुढच्या मांडीवर बाहेरून आदळते.

यात बर्नार्डोसारखा माणूस समोर असेल तर आणखी फायदा. तो मुळात ठोसेबाज. जोराचा ठोसा मारणारा माणूस पुढच्या पायावर भार टाकतोच, आणि भार असलेला पाय उचलून शिनवर (नडगीवर) लाथ घेता येत नाही. शिवाय गिरकी खाली घेतल्याने हुगचं डोकं ठोशांच्या रेषेतून बाजूला आणि खाली जातं. डोक्यावर गिरकी मारताना हा आडोसा मिळत नाही. तुम्हाला पडलेल्या ‘मांडीवर का’चं उत्तर मला वाटतं इथेच आहे.

लढत पाहताना एक करा. आवाज बंद ठेवा आणि पहिल्या वेळी फक्त समोरच्याचा पुढचा पाय बघा. दुसऱ्यांदा फक्त हुगचा उजवा पाय: तो समोरच्याच्या डाव्या पायाच्या बाहेर पडतो की आत. हात शेवटी बघा. उलट क्रमाने पाहिलं की लाथ दिसते आणि तिची तयारी निसटते.

आखाडाकाका:

बाई, मला के-वनमधलं फारसं कळत नाही. जन्म मातीत गेला. पण तुम्ही मुलीचं जे वर्णन केलं आहे ते वाचून बोलावंसं वाटलं.

कुस्तीत पाय उचलला की पट गेलाच म्हणून समजा. म्हणून आमच्याकडे पाय उचलण्याआधी समोरच्याला कामाला लावतात. मान दाबायची, हाताला झटका द्यायचा, त्याचं वजन टाचांवर गेलं की मग पाय हलवायचा. तुमच्या खेळात पाय धरून पाडता येत नाही, हे माहीत आहे, पण वजनाचं गणित तेच आहे. मुलगी पाय उचलते तेव्हा समोरचीचं वजन कुठे असतं? पुढच्या पंजावर असेल तर ती आत येणारच. टाचांवर असेल तर तिला आधी वजन पुढे आणावं लागेल, आणि तेवढ्यात टाच खाली आलेली असेल.

म्हणून हूल द्यायला शिकवा. हूल हाताने, खांद्याने, नजरेने. नुसता गुडघा वर उचलून पुन्हा खाली ठेवायचा, आणि हे पुष्कळ वेळा करायचं. समोरची दचकून मागे झाली की खरा डाव.

मल्लखांब केलेली मुलगी आहे म्हणजे पोट आणि पाठ तयार आहे. ते जाऊ देऊ नका. आठवड्यातून एकदा तरी खांबावर पाठवा. आपल्या वडोदऱ्यात जुम्मादादा आणि प्रो. माणिकरावांनी लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती सगळं एका छताखाली शिकवलं. एका विद्येचं अंग दुसऱ्या विद्येत कामी येतं, हे आमच्या गुरुजनांनी नेहमी सांगितलं.

पॅडवाला:

काकांनी वजनाचं सांगितलं ते अगदी बरोबर. हूल द्यायला किकबॉक्सिंगमध्ये सर्वात स्वस्त हत्यार म्हणजे पुढचा हात, म्हणून ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर माझं उत्तर: आधी उजव्या हाताचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा. साउथपॉचा जॅब बहुतेक वेळा समोरच्याच्या पुढच्या ग्लोव्हमध्ये अडकतो, म्हणून अनेक साउथपॉ तो मारायचंच सोडतात. सोडू देऊ नका. लागला नाही तरी चालेल, समोरचीचा हात आणि नजर त्यात गुंतली पाहिजे. जॅब, डावा सरळ, आणि मग लाथ. सुटी लाथ महिनाभर बंद.

तुलनेसाठी हूस्ट पाहा. तो सावात या फ्रेंच किकबॉक्सिंगमध्येही विश्वविजेता होता, आणि त्याच्या खेळात हात आणि पाय कधी सुटे येत नाहीत. दोन-तीन ठोसे वर, गार्ड वर गेला की शेवटी मागच्या पायाची लो किक. ही डच पद्धत. तिचं मूळही क्योकुशिनपर्यंत जातं: १९६४ मध्ये थायलंडला जाऊन मुय थाय लढलेले केन्जी कुरोसाकी क्योकुशिनचे. त्यांच्या जपानमधल्या मेजिरो जिममध्ये शिकलेल्या यान प्लासने १९७८ मध्ये ॲमस्टरडॅमला त्याच नावाची जिम काढली. म्हणजे कराटे, मुय थाय आणि बॉक्सिंगचं मिश्रण हुगच्या आधीच तिथे मुरलेलं होतं. हुगला ते मिश्रण तयार मिळालं नाही, त्याने ते रिंगमध्ये मार खात जमवलं. मला त्याच्याबद्दल जो आदर आहे तो यासाठी.

तिसऱ्या प्रश्नावर. फुल कॉन्टॅक्टने सुरुवात करा. तिथे मांडीवर लाथ नाही, तेव्हा जिला लो किक अडवायची सवय नाही अशा मुलीला एक धोका कमी, आणि तोंडावरच्या ठोशांची सवय मात्र पूर्ण होते. हुगची खालची गिरकी तिथे उपयोगाची नाही, हेही लक्षात ठेवा. त्याच काळात जिममध्ये शिनगार्ड बांधून लो किक घेणं आणि अडवणं सुरू करा. ते अंगवळणी पडलं की लो किक प्रकार. के-वन नियमांत गुडघेही येतात, तिथे घाई नको.

आणि एक कळकळीची विनंती. स्पॅरिंगमध्ये टाच नको, तळव्याने मारायला लावा, फूट पॅड बांधून. टाच गळ्याच्या हाडावर बसली तर हाड मोडतं.

मूळ धागाकर्ती:

तिघांचे मनापासून आभार. डावा_पवित्रा यांनी सांगितलं तसं १९९६ ची अंतिम लढत आवाज बंद करून पाहिली आणि फक्त पाय पाहिले. ठोसा मारायला बर्नार्डोचा भार पुढच्या पायावर येतो आणि हुग नेमका त्याच पायाच्या मागे लागलेला आहे. आधी मी शेवटची लाथ तेवढी पाहत होते.

मुलीला आजपासून सुटी ॲक्स किक बंद. काकांनी सांगितलेली गुडघ्याची हूल तिला पहिल्याच दिवशी आवडली, कारण तिचा गुडघा आणि ॲक्स किकची सुरुवात अगदी सारखी दिसते. समोरची मुलगी गुडघ्यालाच मागे झाली आणि हिचा डावा सरळ ठोसा पहिल्यांदा मोकळा गेला. लाथ मारलीच नाही. घरी तिच्या वडिलांना ते दाखवलं तेव्हा तेही थोडे नरमले.

एक नवी शंका आहे. ॲक्स किक चुकली की तिचा डावा पाय समोर पडतो आणि ती आपोआप ऑर्थोडॉक्स होते. तिथून तिला परत डाव्या पवित्र्यात आणावं, की तिथूनच लढायला शिकवावं?

डावा_पवित्रा:

तिथूनच शिकवा. परत यायला जे पाऊल मागे घ्यावं लागतं त्याच पावलावर ती मार खाईल. पाय समोर पडला की तो पडतानाच डाव्या हाताचा हूक, कारण आता डावा हात पुढे आहे आणि अंतर कमी झालं आहे. मग उजवा सरळ, आणि त्या उजव्या ठोशाबरोबर उजवं पाऊल पुढे टाकायचं. पवित्रा पुन्हा डावा झाला आणि ती मागेही गेली नाही. आधी हवेत हळू, मग पॅडवर. पॅड धरणाऱ्याला सांगा की लाथ चुकल्याबरोबर एक पाऊल आत यायचं, जसं तिच्या प्रतिस्पर्धी मुली येतात.

आणि सरावाचा व्हिडिओ बाजूने काढा. समोरून काढलेल्यात तिचं वजन कोणत्या पायावर आहे ते कळणार नाही. इथे टाकलात तर पाहून सांगतो.