मैत्रिणीच्या आईसाठी प्रार्थना करताना येशूचं नाव घ्यावं की नाही?

रात्रपाळी (धागाकर्ती)

मी ख्रिस्ती आहे, पेशाने नर्स. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण मुस्लिम, तीही नर्स. अकरा वर्षं एकाच वॉर्डात रात्रपाळ्या केल्यात आम्ही. पहाटे तिच्या नमाजाची वेळ झाली की तिच्या पेशंटची सलाईन मी बघते. रविवारी मला उपासनेला जायचं असलं की ती ड्यूटी बदलून घेते. धर्मावर आम्ही कधी फार बोललो नाही, तशी वेळच आली नाही.

गेल्या वर्षी माझे बाबा गेले. अंत्यविधीच्या उपासनेला ती आली, तिसऱ्या बाकावर बसली. सगळे उठले की उठायची, बसले की बसायची. पण विश्वासाचा अंगीकार म्हणायची वेळ आली, 'देवाचा एकुलता एक पुत्र, वधस्तंभावर खिळला गेला, मरण पावला', तेव्हा तिचे ओठ मिटलेले होते. नजर खाली, दोन्ही तळवे मांडीवर उघडे. माझ्या मोठ्या भावाने ते पाहिलं. घरी आल्यावर म्हणाला, "म्हणायचं नव्हतं तर आली कशाला?" तो आजही तिच्याशी धड बोलत नाही. मी काही दिवसांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या बाबांसमोर मला खोटं बोलायचं नव्हतं." मला ते पटलं, पण कुठेतरी टोचलंही. ते अजून टोचतंय.

आता तिची आई अंथरुणाला खिळली आहे. आजार पुढे गेलाय, बरं व्हायची आशा नाही. परवा भेटायला गेले तर माझा हात धरून म्हणाल्या, "बेटी, तूही दुआ कर माझ्यासाठी. इथे बसून कर, मला ऐकू दे." मी "उद्या येते" म्हणून निघून आले. कारण माझी प्रत्येक प्रार्थना 'प्रभू येशूच्या नावाने मागते, आमेन' अशीच संपते, लहानपणापासून. ते शेवटचं वाक्य नसलं तर पत्ता न घालता पत्र टाकल्यासारखं वाटतं. योहानाच्या शुभवर्तमानात, 14व्या अध्यायात, येशूने स्वतःच सांगितलंय की माझ्या नावाने मागा. ते नाव गिळलं तर मी मरणाच्या दारातल्या बाईला फसवते. मोठ्याने म्हटलं तर जिने जन्मभर 'अल्लाहला कुणी भागीदार नाही' म्हटलं, तिच्या उशाशी बसून मी तिला दुखावते.

काय करू? कृपा करून भांडण लावणारे प्रतिसाद देऊ नका. वेळ थोडा आहे.

पानगळ

ताई, एवढा विचार कशाला? देव एकच आहे, नावं वेगळी. कुठलंही नाव घ्या, पोचतं. माणुसकी मोठी.

रात्रपाळी

@पानगळ, तुमचा भाव कळला. पण ही गोष्ट माझ्या मैत्रिणीला सांगून बघा, ती नाही म्हणेल. मीही नाहीच म्हणते. येशू मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हे माझ्यासाठी वरचं वेष्टन नाही. पौलाने करिंथकरांना स्पष्टच लिहिलंय, ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. तो वधस्तंभावर गेलाच नाही असं ती मानते. दोन्ही एकच, असं म्हटलं की आम्हा दोघींचंही कुणी ऐकूनच घेतलं नाही असं होतं.

वाळूचं घड्याळ

ताई, मी मुस्लिम आहे म्हणून लिहितो. तुमच्या मैत्रिणीच्या जागी मी असतो तर मीही ओठ मिटूनच उभा राहिलो असतो, आणि तुमच्या बाबांचा मान राखूनच.

आमच्या कुरआनातली सूरह इखलास (सूरह म्हणजे अध्याय) जेमतेम चार आयतींची, म्हणजे चार ओळींची आहे. त्यातली एक 'लम यलिद व लम यूलद', म्हणजे त्याने कुणाला जन्म दिला नाही आणि त्याला कुणी जन्म दिला नाही. नमाजात ती सारखी जिभेवर असते. त्याच जिभेने 'देवाचा पुत्र' म्हणायचं आणि तेही मयताच्या समोर, हे आमच्याच्याने होत नाही. वधस्तंभाचंही तसंच. सूरह निसाची 157वी आयत सांगते की त्यांनी ईसांना, म्हणजे येशूंना, ठार केलं नाही, सुळावरही दिलं नाही, त्यांना तसा भास झाला. तुमच्या अंगीकारातल्या ज्या दोन ओळींना ती गप्प राहिली, नेमक्या त्याच दोन ओळींवर आपला रस्ता फुटतो. म्हणजे ती लक्ष देऊन ऐकत होती.

पण तिच्या गप्प राहण्यात येशूंबद्दल अनादर होता असं तुमच्या भावाला वाटत असेल तर त्यांना सांगा: आम्ही ईसांचं नाव 'अलैहिस्सलाम' (त्यांच्यावर शांती असो) म्हटल्याशिवाय घेत नाही. कुरआनाची 19वी सूरह मरियमच्या नावाची आहे. अख्ख्या कुरआनात नावानिशी उल्लेख असलेली ती एकच स्त्री.

आता तुमचा प्रश्न. इब्न इसहाकच्या सीरतमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या जुन्या चरित्रात, दक्षिण अरबस्तानातल्या नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाची हकीकत आहे. साठेक माणसं मदिनेला आली होती. त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा ती पैगंबरांच्या मशिदीतच पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली. काही लोकांना ते खटकलं, पण पैगंबरांनी करू द्या म्हटलं. त्याच भेटीत ईसा देवाचे पुत्र की नाहीत यावर कडक वाद झाला आणि तो मिटला नाही. शेवटी करार झाला, त्यात नजरानच्या लोकांना खंडणी द्यावी लागली. ते झाकून ठेवत नाही. पण प्रार्थना मात्र त्यांनी त्यांच्याच रीतीने केली, आमच्या छपराखाली.

तुमच्या मैत्रिणीच्या अम्मींना ठाऊक आहे तुम्ही कोण आहात. त्यांनी ख्रिस्ती मुलीकडे दुआ मागितली, ती ख्रिस्ती मुलीसारखी करा. एकच विनंती: ते शेवटचं वाक्य त्यांच्याकडून म्हणवून घेऊ नका, आणि ते येणार आहे हे आधी सांगा. शेवटच्या घडीला ओठांवर कलिमा, म्हणजे एका अल्लाहवरच्या विश्वासाची ग्वाही, असावा, ही प्रत्येक मुसलमानाची आस असते. तिथे गोंधळ नको.

किताबी

घड्याळदादांनी मुख्य ते सांगितलं. मी धर्मशास्त्राची विद्यार्थिनी, ख्रिस्ती. थोडी भर घालते.

आपण मतभेद म्हणतो तेव्हा अर्ध्या वेळी समोरचा जे म्हणतच नाही तेच आपण खोडत बसतो. 'मोहमेडन' हा शब्द घ्या. ख्रिस्ती लोकांनी तो शतकानुशतकं वापरला, जणू ख्रिस्ती ख्रिस्ताला भजतात तसे मुसलमान मुहंमदांना भजतात. कुठल्याही मुसलमानाला विचारलं असतं तरी चूक कळली असती. उलट बाजूने, 'देवाने बायको करून मूल जन्माला घातलं असं ख्रिस्ती मानतात' हे मी कितीदा ऐकलंय! तसं मानणं आमच्याकडेही पाखंडच. त्रैक्यात, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांत, मरियम नाही, हेही दर वेळी सांगावं लागतं. हा सगळा केर काढला तरी खरा मतभेद उरतोच, आणि तो मोठा आहे. पण मग तो दोघांनाही ओळखीचा असतो.

मला या विषयातली सर्वांत आवडती गोष्ट बगदादची. 781च्या सुमाराला खलिफा अल-महदीने पूर्वेकडच्या चर्चचा प्रमुख, पॅट्रिआर्क तिमथी पहिला, याला समोर बसवून दोन दिवस प्रश्न विचारले. तिमथीने नंतर ते सगळं सिरियाक भाषेत पत्रात लिहून ठेवलं. त्याने मोत्याचा दृष्टान्त दिला. काळोख्या घरात, रात्री, एक मोती पडतो. सगळे चाचपडतात. एकाच्या हाती मोती लागतो, कुणाच्या काच, कुणाच्या खडा. मूठ झाकलेला प्रत्येक जण म्हणतो मोती माझ्याकडे आहे. उजाडल्यावर कळेल. खलिफा म्हणाला, मोती आमच्याकडे आहे अशी आम्हाला आशा आहे. तिमथीने आपली आशा सोडली नाही आणि खलिफाची हिसकावलीही नाही. हे लक्षात घ्या की सत्ता सगळी खलिफाच्या हातात होती. तिमथी प्रत्येक शब्द तोलून बोलत होता. तरी 'दोघांच्याही मुठीत मोतीच आहे' असं खूश करणारं वाक्य त्याने टाकलं नाही.

ताई, आता तुमच्या कामाचं. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना आठवा, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. तिच्या शेवटी 'येशूच्या नावाने' नाही! तरी तिला पत्ता नाही असं आपण म्हणत नाही. म्हणून ते वाक्य उच्चारलं नाही तर प्रार्थना खोटी पडते, असं मला वाटत नाही. पण 'पिता' हा शब्दही त्यांना जड जाईल. मी तुमच्या जागी असते तर 23वं स्तोत्र वाचलं असतं, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे'. मृत्युछायेच्या दरीतून चालण्याची ओळ त्यातच आहे. स्तोत्रसंहिता म्हटली की मुसलमानांना जबूर आठवतो, दाऊदला दिलेला. कुरआनात त्याचं नाव आहे. हे वाचताना तुम्हाला काही गिळावं लागणार नाही.

वाळूचं घड्याळ

@किताबी, स्तोत्राचं सुचवलंत ते फार छान. तरीही मी म्हणेन, नाव घ्यायचं की नाही ते ताईंनी ठरवू नये, अम्मींनी ठरवावं.

कोरा कागद

सगळं वाचलं, मन भरून आलं. पण मला एक बोलायचंय. उशाशी बसलेल्या दोन मैत्रिणींमध्ये सहिष्णुता सोपी असते, कारण दोघी एकमेकींचं काही वाकडं करणार नसतात. पाकिस्तानच्या पंजाबात 2009 साली शेतावर काम करणाऱ्या बायकांत पाण्यावरून भांडण झालं. ख्रिस्ती बाईच्या हातचं पाणी बाटलं म्हणून. त्यातून आसिया बीबीवर ईशनिंदेचा खटला आणि 2010 मध्ये फाशीची शिक्षा. सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडलं 31 ऑक्टोबर 2018ला. एवढी वर्षं एक बाई कोठडीत. दुसरीकडे न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत 15 मार्च 2019ला, शुक्रवारच्या नमाजाला जमलेल्या 51 जणांचा जीव गेला. तिथे कोण कुणाला स्तोत्र वाचून दाखवणार होतं? मतभेद नीट मांडा म्हणता, पण ज्याला मांडण्याची भीती वाटते त्याचं काय?

वाळूचं घड्याळ

@कोरा कागद, तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त त्याच प्रकरणातलं एक नाव राहिलं. सलमान तासीर, पंजाबचे गव्हर्नर, मुसलमान. ते तुरुंगात जाऊन आसिया बीबीला भेटले, त्या कायद्यावर उघड बोलले. 4 जानेवारी 2011ला त्यांच्याच अंगरक्षकाने त्यांना गोळ्या घातल्या. दोनच महिन्यांनी, 2 मार्चला, शाहबाज भट्टी हे ख्रिस्ती मंत्रीही त्याच कारणासाठी मारले गेले. एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती, एकाच बाईसाठी. ही दोन नावं मला जोडीनेच आठवतात.

किताबी

@कोरा कागद, अगदी अवांतर नाही म्हणून लिहिते. नायजेरियातल्या कडुना शहरात जेम्स वुये हे पाळक आणि मुहंमद अशफा हे इमाम नव्वदच्या दशकात एकमेकांच्या विरुद्ध टोळ्यांत होते. दंगलीत वुयेंचा उजवा हात गेला. अशफांचे गुरू आणि दोन चुलतभाऊ मारले गेले. दोघांच्याही मनात सूड होता. 1995 मध्ये त्यांनी मिळून तंटे सोडवण्याचं केंद्र काढलं. पाळक पाळकच राहिले, इमाम इमामच. म्हणजे भीती असलेल्या ठिकाणीही कुणीतरी सुरुवात केली. तुमचा प्रश्न मात्र यामुळे सुटत नाही, हे मान्य.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. आज सकाळी ड्यूटी संपवून तिकडेच गेले. काय झालं ते लिहिते.

आधी स्वयंपाकघरात मैत्रिणीला सगळं सांगितलं, अगदी पत्ता न घातलेल्या पत्रासकट. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू जसं रोज म्हणतेस तसं म्हण. त्या एका वाक्याला मी आमीन म्हणणार नाही. चालेल?" मी हो म्हटलं. माझ्या छातीवरचं ओझंच उतरलं. बाबांच्या वेळी तिनेही मला आधी सांगितलं असतं तर, असं वाटलं, आणि मग वाटलं, त्या दिवशी ती मला काय सांगणार होती.

अम्मींनाही तिनेच विचारलं, कानाशी वाकून. त्या म्हणाल्या, "ईसाचं नाव घेईल ना? घेऊ दे. ते पैगंबर आहेत." मी त्यांना म्हटलं, "अम्मी, मी त्यांना पैगंबरांहून जास्त मानते." त्यांनी डोळे मिटून मान हलवली. म्हणजे हो की नाही, कळलं नाही. पण मी ते बोलले याचं मला बरं वाटलं.

मग 23वं स्तोत्र वाचलं. चार ओळी झाल्या असतील, त्यांना झोप लागली. श्वास मी मोजत होते, सवयच आहे. स्तोत्र संपवलं, त्यांच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून माझ्या शब्दांत मागितलं, आणि शेवटचं वाक्य हळू आवाजात, पण पूर्ण म्हटलं. पलंगाच्या त्या बाजूला मैत्रीण उशीचा अभ्रा सरळ करत होती. मागितलं तिथे ती आमीन म्हणाली, शेवटच्या वाक्याला नाही. मग तळवे उघडून तिची दुआ सुरू झाली, आणि मी गप्प बसले.

निघताना तिने विचारलं, "उद्या ड्यूटी संपली की येशील? अम्मी जाग्या असतील. ते मेंढपाळाचं त्यांना पूर्ण ऐकू दे."

भावाला अजून सांगितलेलं नाही. रविवारी भेटेल तेव्हा सांगणार आहे.