ड्रॅक्युला प्रेमात कधी पडला हो?

काजळरेघ: 'ड्रॅक्युला ही मुळात प्रेमकथाच, सिनेमाने ती फक्त उलगडून दाखवली' असं परवा एकाने इथे ठोकून दिलं. दोन दिवस गप्प बसले, आता नाही राहवत. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीतला काउंट ड्रॅक्युला, म्हणजे रक्त पिणारा पिशाच्च सरदार, पांढऱ्या मिशांचा म्हातारा आहे. तळहातावर केस, तोंडाला घाण वास. मीनाला, म्हणजे हार्कर वकिलाच्या बायकोला, तो आपलं रक्त पाजतो ते तिच्या माणसांवर सूड उगवायला. मीना म्हणजे त्याची गेल्या जन्मीची बायको, हे घुसडलं दिग्दर्शक कोपोलाने, १९९२ साली, आणि वर सिनेमाच्या नावात स्टोकरचं नाव! माझी झोप उडवली ती एका साध्या प्रसंगाने. वाड्यावर पाहुणा आलेला हार्कर हळूच आपल्या खोलीत येतो, तर काउंट स्वतः पाहुण्याचं अंथरूण घालतोय. म्हणजे एवढ्या मोठ्या वाड्यात नोकर कोणीच नाही. हा आणि आपण, दोघंच. सिनेमावाल्यांना मात्र डगला हवा.

रीळवाला: ताई, गेल्या जन्मीची भानगड कोपोलाच्या आधी नट जॅक पॅलन्सच्या टीव्हीपटात होती. आणि तुमचा काउंट पहिल्या चार प्रकरणांनंतर दिसतो किती? प्रकरणं २७, उरलेल्यात बाकीची मंडळी डायऱ्या लिहीत बसतात. मी दोनदा अर्ध्यावर सोडलं. पडद्यावर माणूस उभा करावा लागतो. १९३१च्या सिनेमातला ड्रॅक्युला, नट लुगोसी, मेणबत्ती घेऊन जिन्यावर नुसता उभा राहतो, बस्स. डगल्याची उंच कॉलर तर नाटकातली. पाठ फिरवली की डोकं झाकलं जायचं आणि नट खालच्या झडपेतून पसार! तरी उन्हात त्याचं भस्म होणं सिनेमाने पुस्तकातूनच उचललं, तेवढं श्रेय घ्या.

खडूस_१३: उन्हात भस्म?? पुस्तकात तो भर दिवसा लंडनच्या पिकॅडिलीत उभा राहून पोरगी न्याहाळतो. उन्हाने मरणं ही १९२२च्या 'नोस्फेरातू' या मूकपटाची देणगी. न विचारता काढला म्हणून स्टोकरच्या बायकोने कोर्टातून त्याच्या प्रती नष्ट करायचा हुकूम मिळवला. सिनेमा तरी टिकला, आणि त्यातला नियम तुमच्या डोक्यात.

रीळवाला: बरं. मग छातीत ठोकायचा लाकडी खुंटा?

खडूस_१३: तो मीनाच्या मैत्रिणीला, लूसीला. काउंटच्या गळ्यावर हार्करची कुकरी, छातीत त्याच्या साथीदाराचा, मॉरिसचा, सुरा.

अर्धी मेणबत्ती: मग तो मेलाच नाही! खुंटा नाही, मंत्र नाही. शेवटी त्याची धूळ होते म्हणे, पण धूळ होणं तर त्याला आधीपासून येतं. मी कॉलेजपासून सांगतेय, कोणी ऐकत नाही.

खडूस_१३: त्याच्या रक्तामुळे पडलेला मीनाच्या कपाळावरचा डाग जातो ना शेवटी? तो मेल्याशिवाय कसा जाईल?

अर्धी मेणबत्ती: मी वाचलेल्या संक्षिप्त अनुवादात डाग नव्हता. कुकरीही नव्हती.

खडूस_१३: म्हणजे पन्नास पानांच्या पुस्तकावर इतकी वर्षं भांडताय! धन्य आहे.

अर्धी मेणबत्ती: तेराव्या वर्षी हाताला जे लागलं ते वाचलं. सगळ्यांच्या घरी कपाट भरून पुस्तकं नसतात. आणि एकशेवीस पानं होती.

काजळरेघ: विषय प्रेमाचा होता. कुकरी आवरा.

खडूस_१३: आवरली. 'पन्नास' मागे घेतो. काउंट मेला, ते नाही.

रीळवाला: अंथरुणाचं पान काढून वाचलं आत्ता. पुढे जेवणाचं टेबलही तोच मांडताना सापडतो. मी दिवा चालू ठेवलाय, हसू नका. प्रेमकथा नाही, मान्य. लुगोसीबद्दल मात्र एक शब्द मागे घेणार नाही.