ताणचाचणीचे निकाल बँकेच्या नावासकट छापावेत का?

कऱ्हाकाठ:
रिझर्व्ह बँकेचा वित्तीय स्थैर्य अहवाल वर्षातून दोनदा येतो. थकीत कर्जं अमुक इतकी वाढली तर काय, सर्वांत मोठे तीन कर्जदार एकदम बुडाले तर काय, व्याजदर अडीच टक्क्यांनी चढले तर काय, असे ताण देऊन किती बँका किमान भांडवलाखाली जातील ते त्यात असतं. हीच ताणचाचणी. किती ते कळतं, कोणत्या ते कळत नाही.

अमेरिकेत 2009 साली 19 मोठ्या बँकांची चाचणी झाली. त्यातल्या 10 बँकांना मिळून सुमारे 75 अब्ज डॉलर भांडवल कमी पडतंय, हे नावानिशी जाहीर केलं. युरोपातही आकडे बँकनिहाय येतात. आपल्याकडे ठेवविमा एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल-व्याज धरून 5 लाखांचा. त्यापलीकडची जोखीम ठेवीदाराची. गृहनिर्माण संस्थांचे दुरुस्ती निधी आणि पतसंस्थांच्या ठेवी याच बँकांत पडून असतात. जोखीम त्यांच्या डोक्यावर आणि निकाल मात्र बंद पाकिटात, हे मला पटत नाही. व्यापारी बँका आणि 1,000 कोटींवर ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँका, एवढ्यांचे तरी निकाल छापावेत.

खतावणी:
ठाम विरोध. अमेरिकेचं उदाहरण अर्धंच दिलंत. बाजारातून पैसा उभा राहिला नाही तर सरकार भांडवल घालेल, हे तिथे आधीच जाहीर होतं. म्हणून नाव घेणं परवडलं. आपल्या नागरी सहकारी बँकेचा भाग (शेअर) दर्शनी किमतीला मिळतो आणि परत गेला तरी फार तर तेवढेच मिळतात. संकटात तिचा भाग कोण घेणार? ती नापास झाल्याचं छापलंत तर ठेवीदाराकडे एकच उपाय उरतो, सकाळी शाखेसमोर रांग लावणं.

येस बँकेचं बघा. कुठलीही चाचणी नावानिशी छापली नव्हती, तरी सप्टेंबर 2019 मधल्या सुमारे 2.09 लाख कोटींच्या ठेवी 5 मार्च 2020 पर्यंत 1.37 लाख कोटींवर आल्या. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून 9 मार्च 2023 या एका दिवसात 42 अब्ज डॉलर गेले. आता रांगही लागत नाही, लोक फोनवरून पैसे वळवतात.

शिवाय पास झालेल्यांचं काय? 2010 च्या युरोपीय चाचणीत 91 पैकी फक्त 7 बँका नापास झाल्या. आयर्लंडच्या बँका पास होत्या, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांच्यापायी देशालाच मदत मागावी लागली. बेल्जियम-फ्रान्सची डेक्सिया बँक जुलै 2011 मध्ये पास, ऑक्टोबरमध्ये कोसळली.

कऱ्हाकाठ:
डेक्सिया पास का झाली तेही सांगा ना. मुदतपूर्तीपर्यंत ठेवायच्या सरकारी रोख्यांना बाजारभावाची घट लावलीच नव्हती. पण 2011 मध्ये कोणत्या बँकेकडे कोणत्या देशाचे किती रोखे आहेत ते छापलं होतं, म्हणून बाहेरच्या विश्लेषकांना ती घट लावून हिशोब नव्याने मांडता आला. चाचणी सदोष असली तरी छापल्यामुळे दोष पकडता येतो.

दर्यावर्दी:
दोघेही निकालावर भांडताय, चाचणीत जाणारे आकडे कोण तपासणार यावर कोणी बोलत नाही. मुंबईच्या पीएमसी सहकारी बँकेने मार्च 2019 ला ढोबळ एनपीए, म्हणजे एकूण कर्जातली थकीत कर्जं, 3.76 टक्के दाखवला होता. प्रत्यक्षात 70 टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच समूहात अडकलं होतं आणि ते झाकायला 21,049 खोटी खाती उघडली होती. या ताळेबंदावर कुठलीही चाचणी लावा, बँक सुखाने पास होते. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हमध्ये तिजोरीतली 122 कोटींची रोकडच गायब होती. ते नोटा मोजूनच कळणार, चाचणीतून नाही.

गृहीतक किती फरक पाडतं ते आकड्यांतच बघा. समजा एका बँकेची जोखीमभारित मालमत्ता (जोखमीच्या प्रमाणात वजन देऊन मोजलेली कर्जं वगैरे) 1,000 कोटी, भांडवल 130 कोटी, म्हणजे प्रमाण 13 टक्के. मोठ्या तीन कर्जदारांकडे 60 कोटी, जोखीमभार 100 टक्के. तिघे थकले आणि तारण असलेलं सबस्टँडर्ड (नुकतंच थकीत ठरलेलं) कर्ज धरून 15 टक्के तोट्याची तरतूद केली, तर 9 कोटी जातात: 121 भागिले 991, म्हणजे 12.2 टक्के. राखीव थरासकट 11.5 लागतात, बँक पास. आता तारण कागदावरच होतं असं निघालं आणि पूर्ण 60 कोटी बुडाले: 70 भागिले 940, साधारण 7.4 टक्के. किमान 9 च्याही खाली. बँक तीच, कर्जदार तेच. बदललं फक्त तारणाचं मूल्य, आणि ते ठरवतो बँकेच्याच पॅनेलवरचा मूल्यांकक.

म्हणून क्रम महत्त्वाचा. युरोपने 2014 मध्ये आधी कर्जांच्या फायली उघडून मालमत्तेची गुणवत्ता तपासली आणि मग ताण दिला, तेव्हा 130 पैकी 25 बँकांत तूट निघाली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या 2015 च्या गुणवत्ता तपासणीनंतर बँकांचा ढोबळ एनपीए मार्च 2015 च्या 4.3 टक्क्यांवरून तीन वर्षांत 11 च्या पुढे गेला. ती कर्जं आधीपासूनच सडलेली होती, दिसली तेव्हा.

खतावणी:
हे पटलं. पण यानेही माझाच मुद्दा पक्का होतो. जुलै 2020 च्या स्थैर्य अहवालात मार्च 2021 साठी ढोबळ एनपीएचा मूळ अंदाज 12.5 टक्के होता, अतितीव्र ताणात 14.7. प्रत्यक्षात साडेसातच्या आसपास राहिला. हाच अंदाज बँकेच्या नावाने छापला असता तर किती धडधाकट बँका आडव्या झाल्या असत्या?

कऱ्हाकाठ:
तेव्हा कोविडमुळे हप्तेस्थगिती होती, कर्जांच्या पुनर्रचनेची सवलत होती. एनपीए कमी दिसला त्यात याचाही वाटा आहे. आणि ताणाची परिस्थिती म्हणजे भाकीत नव्हे.

नाव घेतल्याने पळापळ होतेच असंही नाही. 2015-16 साठी येस बँकेने ढोबळ एनपीए 749 कोटी दाखवला होता, रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत तो 4,926 कोटी निघाला. ही तफावत येस बँकेच्याच 2016-17 च्या वार्षिक अहवालात छापली गेली. शेअर पडला, पण ठेवीदार पळाले नाहीत.

दर्यावर्दी:
मग निकालाआधी तफावतीचाच आग्रह धरा. व्यापारी आणि नागरी सहकारी बँकांना ती ठराविक मर्यादेपुढे गेली की ताळेबंदाच्या टिपांमध्ये द्यावीच लागते. सहकारी बँकेच्या सभासदांनीही वार्षिक सभेला जाण्याआधी अहवालाच्या मागच्या पानांवरची दोन ठिकाणं वाचावीत: तफावतीची टीप आणि पहिल्या 20 कर्जदारांचा एकूण कर्जातला वाटा. तो वाटा वर्षभरात फुगला असेल तर सभेत लेखी प्रश्न द्या, उत्तर इतिवृत्तात घ्यायला लावा.

खतावणी:
तफावत छापायला माझी हरकत नाही, ती झालेल्या गोष्टीची नोंद आहे. 'असं झालं तर तुमची बँक बुडेल' हे नावासकट छापायला मात्र हरकत कायम. नापास बँकेत भांडवल कोण आणि किती दिवसांत घालणार, हे आधी कायद्यात लिहा, मग यादी काढा.